बारशाआधी वाचा

पहिली सूचना. बाळाचं नाव आपण दोघांनीच मिळून ठरवायचं, असं तुम्ही एकमेकांना सिंहगडावर किंवा तशाच एखाद्या हवेशीर जागी कबूल केलं असेल, तर ते विसरा. नाव घर ठरवतं. घर म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा, होणारी आत्या, अमेरिकेतला काका आणि लिफ्टमध्ये ‘काही सुचलं का?’ असं विचारणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. तुमच्याकडे फक्त चिटणिसाचं काम आहे. यादी करा.

याद्या दोन हव्यात. गर्भलिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. पोटाच्या आकारावरून निदान करणाऱ्या मावश्यांना तो कायदा अजून कळलेला नाही, पण त्यांच्या भरवशावर एकाच यादीवर थांबू नका. मुलींची यादी आठवड्यात भरते. मुलांच्या यादीत पाचव्या महिन्यापर्यंत आरव, अर्णव, अथर्व आणि अद्वैत एवढंच असतं, आणि हे चौघेही आत्ता तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत असतात.

यादी कुणाला दाखवू नका. तुमच्या दीड महिना आधीची तारीख असलेली चुलतबहीण असेल, तर तिला मुळीच नाही. नावावर हक्क आधी सुचण्याने येत नाही, आधी बारसं करण्याने येतो. या बाबतीत कुठलंही न्यायालय तुमच्या मदतीला येणार नाही.

नावं शोधायला पूर्वी लोक अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक आणत. आता मोबाइल आहे. पुस्तकात निदान छापणाऱ्याची थोडी अब्रू गुंतलेली असे. मोबाइलवर निम्म्या नावांचा अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ असतो आणि उरलेल्या निम्म्यांचा ‘देवाची देणगी’. अर्थ पक्का करायचा तर संस्कृत येणाऱ्याला विचारा. पुण्यात असा माणूस दर दुसऱ्या सोसायटीत मिळतो, आणि तुम्ही न विचारताही सांगतो.

आता मोठा टप्पा : आजोबा. ते म्हणतील, ‘आमचं काही नाही, तुम्हाला आवडेल ते ठेवा.’ याचा अर्थ, त्यांच्या वडिलांचं नाव ठेवा. मुलाला वाडवडिलांचं नाव, ही आपली जुनी रीत. पेशव्यांची वंशावळ काढून बघा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, बाजीरावांचे पुन्हा बाळाजी. पुढे माधवरावही दोन झाले आणि शेवटी आणखी एक बाजीराव. ओळखू यावेत म्हणून थोरले, दुसरे, सवाई अशी विशेषणं लावावी लागली. शिवाय सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे पाळण्यातल्या विश्वनाथाला ती बापू किंवा नाना म्हणणार. आजची सून सासऱ्यांचं नाव बिनदिक्कत घेते, निदान बँकेतून फोन आला की घेतेच. पण सासरे समोर बसलेले असताना ‘विश्वनाथ, नाकातलं बोट काढ!’ असं ओरडायची तयारी असेल, तरच या रस्त्याने जा.

नाहीतर शास्त्राचा आधार घ्या. ही वाट फार थोड्यांना माहीत असते. नामकरणात एकच नाव ठेवायचं असं कुठे आहे? ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात, ती अनेक असतात : कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारातलं एक. पणजोबांना यातल्या एका रांगेत बसवा. आजोबांचं समाधान होतं, आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात जातात.

नक्षत्राचं मात्र जपून. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ आद्याक्षरं पंचांगात दिलेली असतात. अश्विनीच्या शेवटच्या चरणावर जन्मलात तर ‘ला’ मिळतो, काही बिघडत नाही. पण हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो, आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’, आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. ‘ञ’वरून नाव सुचवून दाखवणाऱ्या काकांना माझ्यातर्फे सुधारस. व्यवहारी गुरुजी अशा वेळी जवळचं अक्षर काढून देतात. ते नावरस नाव म्हणून पत्रिकेत राहतं आणि पुन्हा एकदम लग्न जुळवताना बाहेर येतं.

हिंजवडीत नोकरी असलेल्यांना एक जादा परीक्षा आहे : परदेशात उच्चारता आलं पाहिजे. म्हणजे ळ, ण, ज्ञ बाद. मग उरतात कियान, रियान, मायरा. ही नावं डेन्मार्कमध्ये आणि धायरीत सारखीच ऐकू येतात. कुणा परक्या साहेबाला ‘ज्ञानेश’ म्हणता येत नाही, म्हणून जन्मभर स्वारगेटला पीएमपीची वाट बघणाऱ्या मुलाने रियान का व्हायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

आणि नाव भारदस्त नसलं तर मुलाचं पुढे कसं होणार, ही काळजी करू नका. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू म्हणत. आज ही नावं कुठल्याही यादीत नाहीत. पण धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या आडनावाच्या रस्त्यावर तुम्ही रोज अडकता. आणि ज्या गणपतीपुढे तुम्ही सुखरूप सुटकेचा नवस बोललात, तो कोणाचा? दगडूशेठ हलवाईंचा.

मुलींच्या बाबतीत हा इतिहास इतका हसण्यासारखा नाही. मुलीचं नाव लग्नात बदलायचंच, तर कशाला डोकं शिणवा, असा हिशेब होता. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशीही यमुनाच. निदान यमुना हे नाव तरी होतं. साताऱ्यात २०११ साली प्रशासनाने समारंभ करून अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. त्यांची आधीची नावं नकुशी, नकोशी अशी होती. तेव्हा मुलीची यादी करताना आपण फार काथ्याकूट करतोय असं कुणी म्हणालं, तर खुशाल आणखी दोन दिवस घ्या.

बारसं बाराव्या दिवशी. हल्ली हॉल मिळेल त्या दिवशी. आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात आणि त्याला गोविंद, गोपाळ म्हणतात. त्या वरवंट्याच्या नावाला आजवर एकाही नातेवाइकाने हरकत घेतलेली नाही. मग आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. ती ऐन वेळी स्वतःच्या आवडीचं सांगू शकते, म्हणून साडी तिच्या पसंतीने घ्या. बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, त्यात मनातलं सगळं निघून जातं.

यातूनही एकमत झालं नाही तर सरकार समजूतदार आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव दिलंच पाहिजे असं नाही. बारा महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तोवर मुलगा स्वतःच वादात उतरलेला असेल. मात्र १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. तेव्हा निवडलेलं नाव या चारही डब्यांसकट एका दमात म्हणून बघा. दम लागला तर आडनाव बदलता येत नाही, हे लक्षात ठेवून पुढचं काय ते ठरवा.

एवढं सगळं करून ठेवलेलं नाव वापरलं जाईलच असं नाही. रत्नागिरीत १८५६ साली गंगाधरपंत टिळकांच्या मुलाचं नाव रीतसर केशव ठेवलं होतं. घरातले त्याला बाळ म्हणायचे. मुलगा पुण्यात वाढला, वर्तमानपत्रं काढली, राजद्रोहाचे खटले ओढवून घेतले, मंडालेला जाऊन आला, आणि सगळीकडे बाळ गंगाधरच राहिला. केशव पाळण्याबाहेर पडलाच नाही. तेव्हा बाळाला बघायला खोलीत पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाला दारातच ताकीद द्या. तो पिल्लू, बाब्या, चिंगी जे काही म्हणेल, ते लग्नपत्रिकेत कंसात छापून यायचं आहे.