कंपनीची बस

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास सांगायचा तर तो टोपी घातलेल्या घोड्यापासून सुरू करावा लागतो, आणि अशा सुरुवातीनंतर कोणताही इतिहास फारसा गंभीर राहू शकत नाही. ९ मे १८७४ रोजी बॉम्बे ट्रामवे कंपनीची घोड्यांची ट्राम कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला गेली. दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच पोचली. कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते, असं सांगतात. उन्हाळ्यात त्यांना मुंबईचं ऊन सोसवेना, म्हणून त्यांच्या डोक्यावर सोला टोप्या चढवल्या गेल्या. मला कुतूहल वाटतं ते त्या टोप्या बनवणाऱ्या कारागिराचं. साहेबांच्या डोक्यांची मापं घेण्यात त्याची हयात गेली असणार. एके दिवशी त्याला कोणीतरी कानांसाठी दोन भोकं ठेवायला सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला असेल आणि मग पैसे कोण देणार, एवढंच त्यानं विचारलं असेल. ‘कंपनी,’ असं उत्तर आलं असेल. त्या एका उत्तरावर पुढची सत्तरेक वर्षं मुंबई प्रवास करत राहिली.

त्या पहिल्या ट्रामचं भाडं तीन आणे होतं, आणि तिकीट नव्हतंच. माणूस चढायचा, पैसे द्यायचा, उतरायचा. हा सत्ययुगी कारभार काही महिनेच टिकला. गर्दी वाढली, भाडं दोन आण्यांवर आलं आणि पैसे न देता उतरणारेही वाढले. तेव्हा त्याच वर्षी कंपनीनं तिकिटं काढली. मुंबईच्या त्या पहिल्यावहिल्या फुकट्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही, पण त्याचे आपल्यावर थोडेथोडके उपकार नाहीत. तो नसता तर घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेलं तिकीट नसतं, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले वाणसामानाचे हिशेब नसते, आणि रंगीत तिकिटांच्या चळती जमवून श्रीमंत झालेलं आमचं बालपणही नसतं. अविश्वासातून इतका आनंद निर्माण झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे १९०५ साली लंडनमध्ये एक नवी कंपनी नोंदली गेली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजेच बेस्ट. वीज विकणं आणि माणसं वाहणं असे दोन धंदे तिनं एकाच छपराखाली मांडले. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. बस मात्र आली १५ जुलै १९२६ रोजी. जुलैचा मध्य हा मुंबईत छत्र्या हरवण्याचा काळ. नवं काही सुरू करावं असा मुहूर्त कोणत्याही पंचांगानं दिला नसता. पण कंपनी पंचांग पाहत नव्हती. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट हा पहिला मार्ग. एका टोकाला युद्धात गेलेल्या सैनिकांचं स्मारक आणि दुसऱ्या टोकाला आंब्याच्या पेटीवरून घासाघीस करणारं जग. एवढं अंतर पहिल्याच खेपेत पार करणाऱ्या वाहनाला तत्त्वज्ञ म्हणायला हरकत नव्हती. गाड्या होत्या चोवीस. डिसेंबर अखेरपर्यंत त्यांतून सहा लाख प्रवासी फिरले.

त्या सहा लाखांत आमचे आजोबा नव्हते, कारण आजोबांना गणित येत होतं. ससून डॉक ते दादर ट्रामनं दीड आण्यात होई, बसला चार आणे पडत. म्हणजे चार आण्यांत ट्रामनं दादरला जाऊन परत यावं आणि वर एक आणा शिलकीत राहावा. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या कारकुनाला यापुढे बसची थोरवी पटवणं अवघड होतं. बस ही कॉलरवाल्या, घड्याळवाल्या लोकांची, असं कितीतरी वर्षं सगळेच मानत. तरीही लग्न झाल्यावर आजोबा आजीला एकदा बसमधून घेऊन गेले. कुठं नेलं, ते दोघांनाही पुढे धड आठवत नसे. आजी म्हणायची, खिडकीबाहेर समुद्र होता म्हणे, पण मी सगळा वेळ हातातलं तिकीटच बघत होते, एवढ्या पैशांचं होतं ते. आजोबा यावर काही बोलत नसत. समुद्र फुकट होता आणि तो बघायचा राहिला, ही खंत त्यांना असावी. किंवा आपल्या बायकोला एकदा तरी महाग वस्तू हातात धरायला मिळाली, याचं समाधान असावं. त्यांचा चेहरा अशा वेळी जमाखर्चाच्या वहीतल्या कोऱ्या पानासारखा दिसायचा.

कंपनीनं १९३७ साली बसवर मजला चढवला. त्याचं सरकारी कारण वाढती गर्दी, पण माझा त्यावर विश्वास नाही. वरच्या मजल्यावरची पहिली सीट कोणीतरी लहान मुलासाठीच बेतली होती. तिथं बसलं की समोर ड्रायव्हर नसे, बॉनेट नसे. बस आपणच चालवत असू. गुलमोहराची फांदी काचेवर फटका मारून जायची आणि पहिल्या मजल्यांवरची घरं एकामागून एक उलगडायची: दाढी करणारे काका, वाळत घातलेले परकर, अर्ध्यावर सोडलेला पत्त्यांचा डाव. या वाहनाला कंडक्टर दोन लागत, एक वर, एक खाली. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. एकमेकांना न दिसणारी दोन माणसं घंटेच्या दोरीवर एवढा मोठा संसार चालवत. हेच दोन पगार पुढे जड झाले, आणि १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डबलडेकरनं शेवटची फेरी केली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले. ज्या मुंबईत शेजारच्याकडे बघायला वेळ नाही, ती एका डिझेलच्या गाडीला निरोप द्यायला थांबली होती.

पण मधली एक तारीख राहिली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतली. तेव्हा २४२ बस होत्या आणि रोज २ लाख ३८ हजार माणसं त्यांतून जात-येत. देशाच्या आधी आठ दिवस मुंबईची बस स्वतंत्र झाली, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर आला, तीच घंटा वाजली, तेच ‘पुढे चला’ ऐकू आलं. आजोबा शेवटपर्यंत ‘कंपनीची बस’ म्हणत राहिले. लंडनमधल्या भागधारकांबद्दल त्यांना ममत्व असण्याचं कारण नव्हतं. रोज नऊ वाजता जो नेतो, त्याचं घराणं कशाला विचारायचं, असा त्यांचा हिशेब असावा.

आता चक्र उलटं फिरलं आहे. बेस्टच्या ताफ्यातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक बस कंत्राटदारांच्या आहेत. गाडी त्यांची, चालक त्यांचा, रंग आणि क्रमांक बेस्टचा. ऑगस्ट २०२३ मध्ये हे चालक पगारासाठी संपावर गेले, तेव्हा थांब्यांवरच्या कित्येकांना आपली लाल बस आपली नसल्याचं पहिल्यांदा कळलं. दिवसभर माणसं रस्त्याकडे बघत उभी होती आणि मालक कोण, हा आजोबांनी कधीच न विचारलेला प्रश्न एकमेकांना विचारत होती. मला वाटतं, कागदावरचा मालक कोणी का असेना, त्यानं दोनच गोष्टी सांभाळाव्यात: गाडी वेळेवर यावी आणि ती चालवणाऱ्याच्या घरी पगार वेळेवर पोचावा. लंडनच्या कंपनीला आणि महापालिकेला जे कधी जमलं, कधी जमलं नाही, ते याहून अवघड नव्हतं.

१५ जुलै २०२६ ही या बसच्या शंभरीची तारीख. सत्कार-समारंभ, भाषणं ज्यांची त्यांनी करावीत. तुम्ही-आम्ही सुट्टे पैसे तयार ठेवावेत, दारात उभं न राहता आत सरकावं, आणि कंडक्टर ‘पुढे चला’ म्हणाला की खरोखरच पुढे जावं.