बुडालेल्या वर्षाचं गाईड
(फक्त नवशिक्यांसाठी)

या अभ्यासक्रमाला सीईटी नाही, कट-ऑफ नाही, डोनेशन तर मुळीच नाही. सकाळी कॉलेजला निघालात, कुणाच्या तरी मोटारीनं सिग्नल तोडला, स्कूटी एकीकडे नि तुम्ही दुसरीकडे गेलात, मांडीच्या हाडात रॉड बसला आणि हॉल तिकीट कपाटातच राहिलं, की प्रवेश पक्का. सेमिस्टर बुडालं म्हणून रडत बसू नका. तेवढ्याच काळात दुसरा विषय सुरू झालाय: मोटार अपघात नुकसानभरपाई. त्याचं हे सोपं गाईड.

प्रवेश-पात्रता

चूक समोरच्याची हवी, निदान थोडी तरी त्याची हवी. तुमचाही हातभार लागला असेल, तर तेवढी टक्केवारी रकमेतून वजा होते. म्हणून हेल्मेट डोक्यावर होतं की कोपरात अडकवलेलं, लायसन्स होतं की 'पुढच्या आठवड्यात टेस्ट' होती, आणि गाडीवर एकूण माणसं किती, हे तिन्ही प्रश्न हमखास येणारे समजा.

गाडीवाला पळाला आणि नंबर मिळालाच नाही, तर अभ्यासक्रमच बदलतो. 'हिट अँड रन'च्या योजनेत गंभीर दुखापतीला ठरलेले ५०,००० रुपये मिळतात; तिथे तुमचं वर्ष, तुमचे मार्क, तुमची स्वप्नं कुणी विचारत नाही. म्हणून पाठांतराची पहिली ओळ: गाडीचा नंबर.

पाठ्यपुस्तकं

पहिलं पुस्तक पोलिसांचं: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जबाब, समोरच्या गाडीची विमा पॉलिसी. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हे आपोआप होतं. तरीही घरच्या कुणाला तरी ठाण्यात दोन चकरा मारायला सांगा; आपोआप होणाऱ्या गोष्टींना आपल्याकडे आठवण करून द्यावी लागते.

दुसरं पुस्तक दवाखान्याचं: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, आणि कायमचं व्यंग राहिलं तर अपंगत्वाचा दाखला. हे पुस्तक सगळे जपतात. औषधाच्या दुकानातली चिठ्ठीसुद्धा आई गादीखाली ठेवते.

तिसरं पुस्तक कुणी विकतच घेत नाही. ते कॉलेजचं. वर्ष वाया गेलं हे घराला, गल्लीला, भेटायला येऊन शहाळं ठेवून जाणाऱ्या प्रत्येक मावशीला माहीत असतं. कागदाला मात्र माहीत नसतं. आणि न्यायाधिकरण मावशीला विचारत नाही.

प्रात्यक्षिक

स्थळ: कॉलेजचं ऑफिस, तिसरा मजला, लिफ्ट फक्त स्टाफसाठी. खिडकीच्या आत भाऊसाहेब. बाहेर तुमची आई, एका हातात दवाखान्याचा डबा, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट.

"मुलगा परीक्षेला बसला नाही, असं लिहून हवंय."

"मार्कशीटवर येईल की. ॲबसेंट म्हणून."

"पण का बसला नाही, ते?"

"ते आम्ही कसं लिहिणार? अर्ज घेऊन विद्यार्थ्याला स्वतः येऊ द्या."

"अहो, तो झोपून आहे. पायात रॉड आहे."

"मग बरा झाला की पाठवा."

या प्रात्यक्षिकात पहिल्या खेपेला सगळेच नापास होतात. दुसऱ्या खेपेला प्राचार्यांच्या नावे अर्ज न्या, दोन प्रतींत, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. एक प्रत आत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागायचं काय? बोनाफाईड, अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंतची हजेरी, आधीच्या सेमिस्टरच्या मार्कशीट, परीक्षेचं टाइमटेबल आणि तेच वर्ष पुन्हा करताना भरलेल्या फीच्या पावत्या. 'ॲबसेंट' या एका शब्दात आजारी आणि उनाड दोघंही मावतात. तुम्ही त्यांतले कोण, हे ठरवायला डॉक्टरांचा कागद हवा: किती महिने अंथरुणावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. तो कागद टाइमटेबलशेजारी ठेवून पाहा. पेपरांच्या तारखा त्या महिन्यांच्या पोटात बसल्या, की निम्मा अभ्यास झाला.

लेखी परीक्षा

दावा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली करायचा. केंद्र निवडायची मुभा आहे: जिथे अपघात झाला तिथलं न्यायाधिकरण, जिथे तुम्ही राहता तिथलं, किंवा समोरचा राहतो तिथलं. कायद्यात मुदत सहा महिन्यांची. 'सबमिशनच्या आदल्या रात्री बघू' ही आपली जुनी पद्धत इथे महागात पडते. वय अठराच्या आत असेल, तर दावा आईवडिलांनी तुमच्या वतीनं करायचा.

'शैक्षणिक नुकसान: अपरिमित' असं लिहू नका. अपरिमितला भागाकार करता येत नाही. पुन्हा भरलेली फी, क्लास, हॉस्टेलचं जादा वर्ष, आणि नोकरी वर्षभर उशिरा लागणार म्हणून बुडालेला पगार, असं एकेक मांडा. वेदना, पौष्टिक आहार, दवाखान्याच्या रिक्षा यांचे रकाने वेगळे असतात.

कायमचं अपंगत्व आलं असेल तर गणित मोठं होतं. सोडवलेलं उदाहरण घ्या. मेसऱ्याच्या तंत्रसंस्थेतला शेवटच्या वर्षाचा एक अभियांत्रिकी विद्यार्थी १९९३ साली अपघातात सापडला. अपंगत्व ७० टक्के. तो कमवत नव्हताच, पण पुढे वर्षाला ६०,००० तरी कमावले असते, असं सर्वोच्च न्यायालयानं धरलं. त्याचे ७० टक्के ४२,०००, वयानुसार गुणक १८, गुणाकार ७,५६,०००. वरचे दीड लाख धरून ९,०६,००० रुपये. निकालाचं साल: २०१०. डिग्रीला चार वर्षं लागतात, एवढं लक्षात ठेवून वही मिटा.

तोंडी परीक्षा

विमा कंपनीचे वकील अत्यंत गोड आवाजात विचारतात, "मागच्या सेमिस्टरला तुम्हाला दोन केटी होत्या, हे खरं आहे का?"

नवशिका इथे मॅथ्सच्या सरांबद्दल बोलू लागतो. तसं करू नका. योग्य उत्तर: "होत्या. दोन्ही सुटल्या. ही मार्कशीट." मग गप्प बसा. वर्गात आयुष्यभर जे जमलं नाही, ते इथे जमलंच पाहिजे.

निकाल

बुडालेल्या वर्षाला ठरलेला भाव नाही. बहुधा एक ठोक रक्कम मिळते, आणि ती कागद पाहून कमीजास्त होते. अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं. लोकअदालतीत लवकर सुटतं, पण थोडक्यात सुटतं. शिवाय तडजोडीवर सही झाली की अपील नाही.

अभ्यासक्रमाबाहेरचं

मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'टीवाय'वरून 'प्लेसमेंट' होतं आणि तुम्ही अजून त्यातच असता. नव्या वर्गात, मागच्या वर्षीपर्यंत ज्युनियर असलेली मुलं तुम्हाला 'दादा' म्हणून बेंचवर जागा करून देतात. याला रकाना नाही, पावती नाही, गुणक नाही. ते कुणी भरून देणार नाही.

जे भरून मिळू शकतं, ते तरी सोडू नका. हे वाचताना तुमच्या घरात कुणी पाय वर बांधून पडलं असेल, तर उद्या ऑफिस उघडताच कॉलेजात जा आणि अर्जावर आवक शिक्का घेऊन या. जेवणाची सुट्टी एक ते दोन.