माहेर नळाला आलं

आमच्या आईला आम्ही बाई म्हणायचो, वडिलांना आण्णा. आण्णांशी भांडण झालं की इतर बायकांसारखं ‘मी चालले माहेरी’ म्हणायची तिची सोय नव्हती. तिचं माहेर पैठणच्या वरच्या अंगाला, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी होतं; ते आता गंगेच्या पोटात होतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं आणि या दोन पंतप्रधानांच्या मधल्या फटीत आजोबांनी बाईचं लग्न उरकलं. रान गेल्यावर मांडव कुठं घालणार?

तरी एकदा रागाच्या भरात ती म्हणालीच, “जाते मी माहेरी!”

आण्णांनी चष्मा पुसत विचारलं, “पोहता येतं का?”

त्यानंतर बरेच दिवस आण्णांना पिठलं मिळालं, तेही बिनतिखटाचं.

आण्णा गेल्यावर बाई माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला आली. इथल्या नळाला पाणी नाथसागराचं, म्हणजे त्याच जायकवाडीच्या जलाशयाचं, पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणहून आलेलं. ते कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कोणत्या वारी येईल हे कुणालाच नाही. बाईला उगम कळला मात्र, तिनं पदर खोचला. “हे तर मव्हं माहेरचं पानी!” पहिल्या ड्रमाला हळद-कुंकू लागलं. गल्लीत नळाला शिव्या देण्याची जुनी परंपरा होती, ती बाईनं मोडून काढली. “माहेरचं मानूस उशिरा आलं म्हनून शिव्या देत असतेत का? आधी गूळ-पानी देतेत!” पाण्याला पाणी कसं द्यायचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

वर्तमानपत्रात ती फक्त धरणाचा टक्का बघायची. देशात सरकारं आली-गेली, बाईला टक्का पाठ. सत्तावीसच्या सत्तावीस दरवाजे उघडल्याची बातमी मी वाचून दाखवली तेव्हा म्हणाली, “आमच्या अख्ख्या गावाला एवढे दारं नव्हते.” पाऊस कमी झाला की नाशिक-नगरची धरणं आणि मराठवाडा यांच्यात जुंपते, त्यासाठी २००५ चा कायदा आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. बाईनं हा प्रश्न घरगुती पातळीवर आणून ठेवला होता. नाशिक ही तिच्या लेखी थोरली भावजय: कणगी भरलेली, पण नणंद दारात आली की पायली उपडी. पाणी सुटल्याची बातमी आली, की “दिलं बाई एकदाचं हात आखडून,” असं म्हणून ती पिंपं घासायला बसायची.

तिला शहर दाखवायचं म्हणून बीबी का मकबऱ्याला नेलं. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये वारली, पुढे तिचा मुलगा आझमशहा यानं आईसाठी ही वास्तू उभारली म्हणतात, आणि खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे आला असं सांगतात, एवढं मी मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. आईसाठी मुलानं काय काय केलं, हे ऐकून तिचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती. बाईनं घुमटाकडे बघितलं, माझ्या बायकोकडे बघितलं आणि विचारलं, “आन् सून काय म्हनली?” जरा वेळानं, “सात आणे कशाचे?” पाणचक्की मात्र तिला मनापासून आवडली. डोंगरातून नहरीनं आलेलं पाणी हौदात कोसळत होतं. “हितं रोज येतं?” तिनं दबक्या आवाजात विचारलं, जणू जागा भाड्यानं मिळेल.

ती गेली तेव्हा अस्थींचा प्रश्न निघाला. पैठणला, असं ठरत होतं; तर धाकटा मामा म्हणाला, पैठणचा घाट धरणाच्या खाली, तिथून ती थेट नांदेडला जाईल, तिथं आपलं कोण आहे? म्हणून वरच्या अंगाला, मासेमाऱ्याची नाव ठरवून आम्ही नाथसागरात गेलो. थोरला मामा पाण्याकडे बोट करून म्हणाला, “हितं मारुती.” धाकटा म्हणाला, “मारुती तिकडं, हा आपला गोठा.” गोठ्यावरून गाडी बांधावर आली. बांध कुणी कुणाच्या रानात सरकवला होता, याचा पन्नास वर्षांपूर्वी बुडालेला वाद त्या दोघांनी जागच्या जागी वर काढला. थोरला हातवारे करत उभा राहिला, धाकटाही उभा राहिला, आणि मी अस्थींचं मडकं छातीशी धरून मधोमध.

नाववाला वल्हं थांबवून म्हणाला, “पाव्हणं, मोजणीच करायची तं काठावर चला. नाव डुगडुगायली.”