कोर्सेश्वर

नाशकात देवळांची वानवा नाही. कपालेश्वर आहे, सोमेश्वर आहे, थोडं पुढे गेलं की त्र्यंबकेश्वर आहे. अलीकडे त्यांत कोर्सेश्वर या जागृत दैवताची भर पडली आहे. ठाणं कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत, चार्जिंगच्या पॉइंटशेजारी. पंचवटीतल्या कपालेश्वरापुढे नंदी नाही. कोर्सेश्वरापुढे मात्र मान डोलावणारे दोन-चार जण कायम बसलेले असतात.

वय चाळिशीकडे झुकलेलं. नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, संगणक विभागात. दर पाडव्याला तो प्रोग्रामिंगची एक नवी भाषा शिकायचा संकल्प सोडतो आणि आधी साधनं चांगली हवीत म्हणून ती शोधायला निघतो. त्या शोधातून तो परत आल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

पण त्याला हसण्यावारी नेऊ नये. माहिती पक्की असते. पायथनचं पुस्तक जुनं की नवं हे तो पहिल्या पानावरच ओळखतो. ‘प्रिंट’च्या पुढे कंस नसेल, तर पुस्तक पायथन 2 चं. त्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. अशा पुस्तकातला पहिलाच प्रोग्रॅम आजच्या पायथनमध्ये चालत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच अक्कल नाही. कॉलेजच्या किती पोरांना त्याने या न्यूनगंडातून बाहेर काढलंय! ‘सी’ शिकायची म्हटलं की तो कर्निघन आणि रिची यांचं 1978 चं पुस्तक काढतो. ‘हॅलो वर्ल्ड’ छापून श्रीगणेशा करायची चाल त्याच पुस्तकाने रूढ केली. घ्यायची ती मात्र 1988 ची दुसरी आवृत्ती, हेही तो बजावतो. ते जड जात असेल तर आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. त्याच्याकडे याच्या तीन आवृत्त्या आहेत. तिन्हींचे कोपरे अजून कोरे करकरीत.

मराठीतून हवंय? आयआयटी मुंबईची ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत, फुकट. दहा-बारा मिनिटांचा धडा. थोडं बघायचं, थांबवायचं आणि शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून बघायचं, अशी त्या धड्यांची रीत. कोर्सेश्वर ते रात्री गादीवर पडून, मोबाइलवर, दुप्पट वेगाने बघतो. करून बघायच्या जागी पुढचा धडा लागतो. चेन्नईच्या माधवन मुकुंद सरांच्या पायथनच्या कोर्सलाही एनपीटेलवर त्याने नाव घातलं होतं. नाव घालणं फुकट, परीक्षेची फी वेगळी. त्यामुळे परीक्षेचा प्रश्न आपोआपच मिटला.

खरी रंगत येते ती रस्ट या भाषेची गोष्ट निघाली की. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती 15 मे 2015 ला आली. ही तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चोख पाठ आहे, असं वहिनी म्हणतात. भाषा बनवणाऱ्यांनीच एक जाडजूड पुस्तक फुकट ठेवलंय, सोबत ‘रस्टलिंग्ज’ नावाचे सरावाचे छोटे छोटे प्रोग्रॅम आहेत. ते मुद्दाम मोडके ठेवलेले, आपण दुरुस्त करत पुढे जायचं. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात मालकी हक्काची भानगड सुरू होते आणि भलेभले तिथे बसकण मारतात. कोर्सेश्वर ती सातबाऱ्यावरून समजावतो. जमिनीचा मालक एका वेळी एकच. खरेदीखत झालं की पहिल्याचा हक्क संपला. कसायला उसनी देता येते, पण त्यालाही अटी. ऐकणारा दिंडोरीचा असो की सिन्नरचा, त्याला चटकन कळतं. (सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची सोळा नावं असतात, ही अडचण तो सोडून देतो.) यातलं किती रस्ट त्याने स्वतः लिहिलंय, हे विचारायचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही.

लॅपटॉपमध्ये ‘बघायचंय’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘नक्की बघायचंय’. त्याच्याही आत ‘पाडव्यापासून’.

गेल्या हंगामात मेहुण्याने दिंडोरीहून फोन केला. द्राक्षांचा खुडा चालू होता, तीन व्यापारी, रोज वेगळा भाव, क्रेटची वजनं वहीत, आणि बेरीज दर रात्री वेगळी. “दाजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले. एवढा हिशेब लावणारं काहीतरी करून द्या ना.” दाजी खुलले. भाषा कोणती घ्यावी यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. पायथन सोपी, पण गो वेगवान. आणि गोची तर ब्राउझरमध्येच करून बघता येणारी सुंदर सहल आहे. दोन्हींची तुलना करणारा तक्ता तयार झाला. तक्ता खरोखर चांगला होता.

रविवारी दाजी सपत्नीक दिंडोरीला पोचले, तेव्हा मेहुण्याची अकरावीतली मुलगी पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावर व्यापाऱ्यांची नावं, क्रेट, वजन, भाव आणि खाली येणं बाकी. साठेक ओळींचा पायथन. दाजींनी चष्मा सरसावला, एक-दोन ठिकाणी “हं, हे बरंय” म्हटलं आणि मग त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न विचारला.

“कुठून शिकलीस गं?”

“पायथनवाल्यांचंच ट्युटोरियल आहे ना, त्यांच्या साइटवर. तिसरं, चौथं, पाचवं प्रकरण केलं. मग फाइलींचं वाचलं, सातव्यातलं. बाकीचं अजून नाही वाचलं.”

“आणि ते तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच की, मामा. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत. लिंक पाठवली होती तुम्ही.”

दाजींनी खिशातून फोन काढला. “ती लिंक जुनी झाली आता,” ते म्हणाले. “नवीन आवृत्तीची आलीय. थांब, पाठवतो.”