रँक पुश: रत्नागिरी तालुक्यातील होतकरूंसाठी मार्गदर्शिका

आपण 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे बीजीएमआय, फोनवर घेतला आहे आणि या सीझनला 'एस' या वरच्या पायरीवर पोचायचेच असा निश्चय केला आहे, असे धरून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. नेम कसा धरावा, पॅराशूट कुठे सोडावे, हे यात सापडणार नाही. ते शिकवणारे यूट्यूबवर पोत्याने आहेत. येथे त्याहून अवघड विद्या शिकवली जाईल. तेच ते तासन् तास करत राहणे, त्याचा मनापासून वैताग येणे, तो वैताग चारचौघांत बोलून दाखवणे आणि तरीही जागचे न उठणे. जाणकार याला ग्राइंड म्हणतात. आई याला दुसरे काहीतरी म्हणते.

पूर्वतयारी

मोहीम जूनमध्ये सुरू करावी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या गावात त्या दिवसांत दुसरे करण्यासारखे फारसे नसते. क्रिकेटच्या मैदानाचे तळे झालेले असते, मांडवीला लाटा जेटीवर चढतात आणि भाट्याच्या किनाऱ्याचे नाव काढले की घरात आवाज चढतो. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने मिरकरवाड्यातला एखादा हुकमी गडी स्क्वाडला मिळतो. नारळी पौर्णिमेनंतर त्याच्या भरवशावर राहू नये. त्याला खरी कामे असतात.

चौघांचा स्क्वाड असा जमवावा: एक मिरकरवाड्याचा, एक नालासोपाऱ्याचा चुलतभाऊ, एक कुवेतला असलेला कोणाचा तरी दादा, आणि आपण. दादाला सुट्टी शुक्रवारी, चुलतभावाला रविवारी, त्यामुळे चौघांना जमणारी वेळ एकच, रात्री साडेअकरा. तेव्हा घरचे झोपलेले असतात असे गृहीत धरावे. ते झोपलेले नसतात.

लाईट जाणार हे धरून चालावे. पाऊस अजून राजिवड्यापर्यंतही पोचलेला नसतो आणि इकडे पंखा थांबतो. वायफायचा डबा इन्व्हर्टरवर घ्यावा. फ्रिज नाही घेतला तरी चालेल. मात्र नेट मध्येच गेले तर आपला शिपाई उभ्या जागी पुतळ्यासारखा राहतो आणि समोरचा येऊन त्याला निवांतपणे संपवतो. या खेळात रक्त हिरवे दाखवतात, त्यामुळे घरच्यांना काही विशेष घडले असे वाटत नाही.

हिशेब

आता आकडेमोड. शाळेत गणितात मागे राहिलेल्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो, हे आमचे निरीक्षण आहे.

ब्रॉन्झची सुरुवात १२०० गुणांना होते. पुढे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन. प्रत्येक पायरी ५०० गुणांची, पायरीत पुन्हा पाच उपपायऱ्या. ४२०० ला एस. म्हणजे चढण ३००० गुणांची. एका सामन्यात शंभर जण विमानातून उतरतात, एरँगेल नावाच्या आठ किलोमीटर लांब-रुंद बेटावर घरे धुंडाळतात, हेल्मेट-जाकिटे गोळा करतात, आकसत येणाऱ्या निळ्या वर्तुळापासून पळतात, आणि शेवटपर्यंत टिकले तर अर्धा तास जातो. समजा सरासरी वीस गुण मिळाले. मग १५० सामने, म्हणजे ७५ तास. यात जेवण, लाईट आणि बाबा धरलेले नाहीत.

हा हिशेबसुद्धा फक्त चढणीचा झाला. खालच्या पायऱ्यांवर समोर बरेचसे बॉट असतात, म्हणजे संगणकाने चालवलेली बाहुली. ती आपल्याकडे पाठ करून उभी राहतात आणि आपण नेमबाज आहोत असा समज होतो. क्राउनच्या आसपास माणसे भेटू लागतात आणि तो समज उतरतो. तिथे लवकर मेल्यास गुण वजा होतात. आज चाळीस वर, उद्या पस्तीस खाली. महिनाभर खेळून मनुष्य जिथे होता त्याच्या एक बोट वर असतो.

आणि एसच्याही वरचा कॉन्करर? तो गुणांवर मिळत नाही, रांगेवर मिळतो. यादीत फक्त पहिले ५००. आपण भाकरी खायला उठलो की देशात कुठेतरी न जेवलेला एक मुलगा आपल्याला ओलांडून जातो. त्या मुलाच्या आईविषयी आपल्या घरी सहानुभूती व्यक्त होते, आपल्या आईविषयी त्याच्या घरी होत असावी.

एवढे करून दोनेक महिन्यांनी सीझन संपतो आणि सगळ्यांना काही पायऱ्या खाली ढकलून नवा सीझन सुरू होतो. याला रीसेट म्हणतात. होतकरूंनी त्या दिवशी उपवास करू नये, मॅगी खावी.

वैतागाची मुळे

वैताग येतो तो खेळात बिघाड आहे म्हणून, अशी नवशिक्याची समजूत असते. ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकावी. वैताग मोजून मापून बसवलेला असतो, आणि ही विद्या फोनपेक्षा जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी पेटीतल्या कबुतरांवर केलेले प्रयोग १९५७ साली फर्स्टर यांच्यासह ग्रंथरूपाने मांडले. दाणा कधी थोड्या चोचींनंतर, कधी पुष्कळ चोचींनंतर, असा बेभरवशाचा दिला, की कबूतर चोच मारतच राहते. थांबण्याचा मुहूर्तच त्याला सापडत नाही. एम४१६ बंदुकीच्या ग्लेशियर स्किनसाठी, म्हणजे रंगरूपासाठी, क्रेट नावाची नशिबाची खोकी उघडत बसलेला आमचा एक मित्र पाहिला की त्या कबुतराविषयी आदर वाटू लागतो. ते निदान पोटासाठी करत होते.

याहून बोलकी गोष्ट 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची. २००४ साली निघालेला हा खेळ अजून चालू आहे. बाजारात येण्याआधीच्या चाचणीत त्यात अशी सोय होती की फार वेळ खेळलात की मिळणारा अनुभव निम्म्यावर यावा, म्हणजे माणूस आपणहून उठेल. खेळाडू भडकले: आमच्या मेहनतीचे निम्मे करता? कंपनीने आकडे तसेच ठेवले आणि नावे फिरवली. जो निम्मा होता त्याला पूर्ण म्हटले. जो पूर्ण होता त्याला, विश्रांती घेऊन आलेल्यांसाठी दुप्पट बोनस म्हटले. तक्रारी थांबल्या. हा प्रसंग होतकरूंनी वहीत लिहून ठेवावा. पुढे नोकरीत पगारवाढीचे पत्र वाचतानाही उपयोगी पडतो.

बीजीएमआयमध्ये या विद्येचे दुकान रॉयल पास नावाने थाटले आहे. रोज नवी कामे: अमुक अंतर गाडी चालवा, अमुक इतकी मिनिटे जिवंत राहा, अमुक बंदुकीनेच मारा. कामे केली की पास पुढे सरकतो, बक्षिसे सुटतात. कामाचा कंटाळा आला तर यूसी, म्हणजे खेळातले पैसे, खऱ्या पैशांनी विकत घेऊन तोच पास पुढे ढकलता येतो. आधी कंटाळा निर्माण करायचा आणि मग तो टाळण्याचे पैसे घ्यायचे, इतका सोपा धंदा आहे. आमचे मत विचाराल तर यात चीड येण्यासारखे काही नाही. फक्त आपण ग्राहक आहोत की माल, हे ओळखून असावे.

बाबा विचारतील, "यातून पैसे मिळतात का?" उत्तर तयार ठेवावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. आपला खेळ त्यात येत नाही, कारण यात पैसे नुसते जातात. (परदेशात हाच कंटाळा काहींची भाकरीही झाला. व्हेनेझुएलात चलन कोसळले तेव्हा तिथली माणसे 'रूनस्केप' नावाच्या जुन्या खेळात दिवसभर तेच हिरवे ड्रॅगन मारून खेळातले सोने डॉलरला विकत होती. हे बाबांना सांगू नये. ते "मग तू का नाही विकत?" असे विचारतील.)

बागेतला प्रश्न

रत्नागिरीच्या होतकरूला एक जादा अडचण असते, ती पुण्याच्या होतकरूला नसते. त्याच्या घरी आंब्याची कलमे असतात.

डिसेंबरात मोहोर दिसू लागला की तुडतुड्यांवर फवारणी येते. एक झाली की काही दिवसांनी दुसरी, मग तिसरी, हवामान फिरले की जादाची. टाकीत औषध कालवा, पंप सुरू करा, नळी ओढा, झाडाभोवती फिरा, पुढचे झाड. पुढे माकडांपासून राखण, झेल्याने काढणी, आढी लावणे, पेट्या भरणे. या कामाला "रोज तेच तेच, कंटाळा येतो" म्हणून नकार देणारा मुलगा रात्री एरँगेलवरच्या पोचिंकीतल्या त्याच घरात त्याच पायऱ्या चढून तेच खोके उघडतो, यावर पावसच्या एका काकांनी आमच्यासमोर फक्त एवढेच विचारले होते, "मेल्या, मग तुला कंटाळा आवडतो म्हण की सरळ!"

काकांचा मुद्दा वाटतो तितका बळकट नाही. बागेतही बक्षीस बेभरवशाचेच. अवकाळी पावसाच्या एका रात्रीत मोहोर काळा पडतो. वाशीला भाव काय फुटेल हे पेटी पोचेपर्यंत कळत नाही. त्या अर्थी काका स्वतःच चाळीस वर्षे ग्राइंड करत आहेत आणि दर सीझनला कंपनीला शिव्या देत आहेत. त्यांची कंपनी म्हणजे आभाळ. फरक दोनच. तिसरी फवारणी वगळायची असेल तर अमुक रुपये भरा, असे बागेत कोणी सांगत नाही. आणि सीझन संपला म्हणून कलमांची परत रोपे होत नाहीत.

हे दोन फरक काकांना सांगायचे राहून गेले. सांगितले असते तर त्यांनी पंप हातात दिला असता.

तक्रार कशी करावी

नवशिके गप्प राहून खेळतात आणि लवकर सोडून जातात. मुरलेला खेळाडू सतत तक्रार करतो, म्हणूनच टिकतो. प्रथम टीममेटला दोष द्यावा ("तू मला उचललं का नाहीस?"), नंतर पिंगला, म्हणजे नेटच्या संथपणाला; कोकणात पावसाळ्यात पिंगविरुद्धचा आरोप सहसा खराच निघतो. मग मॅचमेकिंगला. सगळ्यात शेवटी, पहाटे अडीचच्या सुमारास, क्राफ्टन कंपनीला; ती दक्षिण कोरियात असल्याने तिला ऐकू जात नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. या तक्रारींच्या मधल्या वेळात बरेच काही बोलले जाते. घरे धुंडाळताना, जीपमधून सुरक्षित वर्तुळाकडे जाताना हात गुंतलेले आणि तोंड मोकळे असते. कुवेतच्या दादाने खोली बदलली, नालासोपाऱ्याच्या भावाची नोकरी लागली नाही, मिरकरवाड्यात या वर्षी बोटीला खलाशी मिळत नाहीत, हे सगळे आम्हाला एरँगेलवर कळले. तेच लोक मुद्दाम फोन लावून बोलायला बसवले असते तर "बाकी काय, मजेत" यापुढे गाडी गेली नसती. गणपतीला चौघे एका ओटीवर प्रत्यक्ष येतात तेव्हा काय करतात? चार कोपऱ्यांत बसून स्क्वाड लावतात.

शासकीय अडथळे

जुन्या खेळाडूंना रीसेटचे दुःख होत नाही, कारण त्यांनी मोठे रीसेट पाहिलेले आहेत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. लॉकडाऊनमध्ये कमावलेले एस, क्राउन सगळे त्यातच गेले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन परतला. २८ जुलै २०२२ ला दुकानांतून पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. तेव्हापासून अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा, अशी मर्यादा पडली. यावर होतकरूंनी काढलेला उपाय म्हणजे आजीच्या नावाची आयडी. खेळाच्या दप्तरी आमच्या ओळखीच्या एक आजी डायमंडला आहेत. त्यांना फक्त दुपारी डोळा लागल्यावर ओटीपी का येतो, हे समजत नाही.

बंदीची धास्ती वाटणाऱ्यांना पर्यायही आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा स्वतःचा बॅटल रॉयल काढला. आपल्या मुलखातला खेळ म्हणून अवश्य खेळून पाहावा. तिथेही चढावेच लागते.

खेळ सोडण्याची पद्धत

प्रत्येक मार्गदर्शिकेत हे प्रकरण असते, म्हणून येथे दिले आहे. सोडण्याचा निर्णय सलग पाच वजा सामन्यांनंतर घ्यावा, त्याआधी कोणी गंभीरपणे घेत नाही. प्रथम ग्रुपवर जाहीर करावे. कुवेतचा दादा "बरं झालं" म्हणेल, चुलतभाऊ अंगठा पाठवेल, मिरकरवाड्याचा गडी काहीच लिहिणार नाही, कारण तो त्या वेळी सामन्यात असेल. मग अ‍ॅपवर बोट दाबून धरावे, अनइन्स्टॉल करावे, रिकामी झालेली जागा आईला दाखवावी. तिला त्यात आरत्यांचे व्हिडिओ भरू द्यावेत, पण सगळी जागा भरू देऊ नये.

मात्र अनइन्स्टॉल करण्यापूर्वी आयडी ईमेलला जोडलेली आहे ना, एवढे तपासून घ्यावे.