पापलेटचा उपास

गणपतीत आमच्या घरात मासळी शिजत नाही. यंदा मात्र गणपतीच्या दिवसांत घरात चर्चा होती ती एका माशाचीच.

मासा म्हणजे गोल्डफिश. लेकीने हौसेने त्याचं नाव ठेवलंय पापलेट. मुंबईहून आलेले चाकरमानी या नावावर पोटभर हसले आणि जो तो काचेशी जाऊन त्याला चिमूटभर खाऊ घालू लागला. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्याला थोडं थोडंच द्यायचं असतं. पण गणपतीला आलेल्या माणसाला कोकणात थोडं थोडं कोण वाढतं, तर त्यांनी माशाला वाढावं? चौथ्या दिवशी पापलेट पोट वर करून तरंगू लागला.

"मेला तर त्याचा सांगाडा झाडगावला ठेवतील?" लेकीने विचारलं. तिथल्या मत्स्यालयात तिने देवमाशाचा सांगाडा पाहिलाय.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारा शेजारचा मुलगा बोलावणं जाताच आला. कल्ले हलतायत, म्हणजे धीर धरा, म्हणाला. आतडी तुंबून फुगली की शेजारच्या हवेच्या पिशवीवर दाब येतो आणि माशाचा तोल जातो. ही जात मुळात रोहू-कटल्याच्या गोत्रातली. चीनमध्ये हजारेक वर्षं निवडून निवडून माणसाने तिला गोलमटोल केलं, आतल्या अवयवांना जागा मात्र उरली नाही. हीच पिशवी घोळीच्या पोटात असली की तिला बोत म्हणतात आणि तिच्यापायी 2021 साली पालघरजवळच्या मुरबे गावात एका फेरीतल्या घोळींना सव्वा कोटीच्या वर भाव आला होता. आमच्या पापलेटची पिशवी फुकटची, वर जागरणं करायला लावणारी.

"तीन दिवस उपास," मुलाने सांगितलं.

सासूबाईंना हा डॉक्टर एकदम पटला. "निर्जळी नाही ना रे?" त्यांनी काळजीने विचारलं.

टाकीतलं चौथाई पाणी बदललं. आमची विहीर आहे, म्हणून नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जायला रात्रभर बादली भरून ठेवण्याची कटकट नव्हती. वीस लिटरला चमचाभर एप्सम मीठ सांगितलं होतं. ते आणायला मी औषधांच्या दुकानात गेले.

"कोणाला देताय?"

"पापलेटला."

दुकानदाराने चष्मा वर केला. "वहिनी, आमच्याकडे पापलेटला साधंच मीठ लावतात."

गौरी-गणपती गेले त्या दिवशी उपास सुटायचा होता. पारण्याला मटार. तो बिनमिठाच्या पाण्यात मऊ शिजवायचा, साल काढायची, चिमटीत कुस्करायचा. सालाशिवायचा मटार आतड्याला हलका आणि टाकीत बुडतो, त्यामुळे माशाला खाण्यासाठी वर येऊन हवा गिळावी लागत नाही. "लग्नाला चौदा वर्षं झाली, मला कधी मटार सोलून भरवला नाहीस," हे म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कधी उलटे तरंगलात?

पापलेटने पहिला तुकडा थुंकला. दुसरा थुंकून परत गिळला. सासूबाईंनी तेवढ्यावर देवापुढे साखर ठेवली. रात्री तो तिरका का होईना, पण पोट खाली ठेवून पोहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याहून बांगडे आले, चांगले डोळे चकाकणारे. सासूबाईंनी विळी मांडली, बसल्या आणि लगेच गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी दांडीवरचा पंचा ओढला, टाकीवर चारी बाजूंनी नीट पांघरला.

"दिसूचा नाय त्याका," असं पुटपुटत त्या परत विळीवर बसल्या. मग जरा थांबून स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "वाटाणो शिजलो काय गो?"