'हवेचा विरोध नगण्य मानावा' यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात गणित कोणतंही असो, शेवटी कंसात तुम्ही ठाण मांडून बसलेले. पोरं तुम्हाला वाचतात, सूत्रात आकडे घालतात, उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळी होतात. नगण्य म्हणजे कशाच्या मानाने, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. आज मी विचारतो आहे, आणि चारचौघांत विचारतो आहे.

आधी पाऊस घ्या. 2 किलोमीटर उंचीवरून सुटलेला थेंब तुमच्या हिशेबाने सेकंदाला जवळपास 200 मीटर, म्हणजे ताशी 700 किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवर आदळायला हवा. तसा तो आदळला असता तर भाताची रोपं राहिली नसती, कौलं राहिली नसती आणि रेनकोटची गरजही उरली नसती. प्रत्यक्षात टपोऱ्यातला टपोरा थेंबसुद्धा सेकंदाला 9 मीटरच्या आसपासच येतो. थेंबाचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध साधारण चौपट होतो. तो थेंबाच्या वजनाएवढा झाला की वेग वाढायचा थांबतो. कोकणातली माणसं जुलै महिन्यात धडधाकट राहतात, ती तुम्ही नगण्य ठरवलेल्या याच गोष्टीच्या जिवावर.

आता बॅडमिंटन. 19व्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, म्हणून त्याला 'पूना' असंही नाव पडलं होतं. पिसांचं शटल जेमतेम 5 ग्रॅमचं. ते सेकंदाला 100 मीटर वेगाने 45 अंशांत मारलं, तर तुमच्या सूत्राप्रमाणे 1 किलोमीटरपलीकडे जाऊन पडेल. कोर्टाची लांबी 13.40 मीटर! वरून नुसतं सोडलेलं शटल सेकंदाला सात मीटरच्या आतच स्थिरावतं. यावरून हिशेब केला तर रॅकेटवरून सुटताना त्याला होणारा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या सुमारे 200 पट भरतो. दोनशे पट मोठी गोष्ट नगण्य मानायची आणि लहान असलेली गोष्ट, म्हणजे वजन, तेवढी जपून धरायची? हा कुठला न्याय?

क्रिकेटचा चेंडू तरी तुमच्या बाजूने बोलेल, असं वाटत असेल. ताशी 140 किलोमीटरच्या चेंडूवर हवेचा विरोध साधारण त्याच्या वजनाइतकाच असतो. म्हणजे तिथेही नाही.

गॅलिलिओचं नाव पुढे करू नका. 1638 च्या ग्रंथात त्याने प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असतो हे सिद्ध केलं, पण हवेने तो बिघडतो आणि बंदुका-तोफांच्या माऱ्यात फार बिघडतो, हेही त्यानेच लिहून ठेवलं. तुम्ही त्याचा अन्वस्त उचललात आणि इशारा तिथेच टाकून आलात. पुढे 1742 मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने लोंबत्या ठोकळ्यावर गोळ्या झाडून त्यांचे वेग मोजले. हवा नसती तर बंदुकीची गोळी 17 मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्ध्या मैलाच्या आतच पडते, हे त्याने दाखवून दिलं. म्हणजे तुमचा पंचनामा होऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. तुम्ही अजून कंसातच!

तुमची हकालपट्टी करा असं मी म्हणत नाही. टेबलावरून पडणाऱ्या लोखंडी गोळ्याच्या गणितात तुमचं म्हणणं खरं आहे, तिथे खुशाल बसा. 1971 साली डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदमच खाली पोचली. तिथे तर तुमचंच राज्य. गणित सोपं करण्यावर माझा राग नाही. सोपं केल्याशिवाय कुणालाच काही शिकता येणार नाही. राग आहे तो तुमच्या मुकाट्याने येण्यावर. गोळा असो की पीस, तुमचं वाक्य तेच, आणि पोरांना ते तपासायची परवानगी नाही. मग हुशार पोरगी पंचावन्न मीटरचं उत्तर दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत काढते, आणि त्यातले मीटरच चुकलेले असतात हे तिला कुणी सांगत नाही.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत येताना एकटे येऊ नका. सोबत एक उपप्रश्न आणा: या वस्तूवर, या वेगाला, हवेचा विरोध वजनाच्या किती पट आहे ते काढा, आणि मगच ठरवा. वेगाचा वर्ग, आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, हवेची घनता आणि आकाराचा एक गुणांक, एवढ्यावर हे गणित होतं. अकरावीच्या मुलाला ते पाच मिनिटांत जमतं. त्याला दोन गुण ठेवा.

कळावे,
एक शिक्षक